आजीव म्हणजे किती वर्षं?

एका जिल्ह्याच्या गावातल्या इतिहास संशोधन मंडळाच्या खजिनदार बाईंचं पत्र आलं आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत एवढं वगळून ते थोडक्यात देतो.

बाई निवृत्त गणितशिक्षिका आहेत. मंडळाचे अध्यक्ष कॉलेजात त्यांचे सर होते, आता ऐंशी ओलांडलेले. "तुला आकडे कळतात" एवढ्या भांडवलावर सरांनी गेल्या वर्षी त्यांच्याकडे खजिना सोपवला. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा जमाखर्च त्यांनी मांडला, तर जमा २,९८,००० आणि खर्च ४,१०,०००. तूट १,१२,०००. मागच्या वर्षीच्या अहवालात १४,००० शिल्लक दाखवलेली होती, आणि तिच्यात वीस नव्या आजीव सभासदांची साठ हजारांची वर्गणी धरलेली होती. यंदा चारच आजीव सभासद झाले. त्यांचे बारा हजार बाईंनी उत्पन्नात न घेता कायम निधीत, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायच्या निधीत टाकले.

जमेत ठेवींचं व्याज १,२८,०००, सभागृहाचं भाडं ५४,०००, पुस्तकविक्री ४१,०००, त्रैमासिकाचं अनुदान ३०,०००, किरकोळ देणग्या २६,१०० आणि वार्षिक सभासदांची वर्गणी १८,९००. खर्चात त्रैमासिकाची छपाई व टपाल १,९२,०००, ग्रंथपालांचं मानधन १,२०,०००, वीज-पाणी-घरपट्टी ४६,०००, व्याख्यानं २८,०००, ऑडिट वगैरे १५,००० आणि रुमालांच्या (कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या) जतनासाठी ९,०००. आजीव सभासद ४१२, वार्षिक ६३, आणि त्रैमासिकाच्या २५ प्रती इतर संस्थांना देवघेवीत जातात. कायम निधी साडेअठरा लाख. त्यातले सुमारे सहा लाख आजीव वर्गण्यांचे. बाकीचे साडेबारा लाख देणगीदारांनी व्याख्यानं, एक पारितोषिक आणि दप्तरांचं जतन यांसाठी ठेवलेले आहेत. पारितोषिक तीन वर्षांत दिलेलं नाही.

याशिवाय यंदा एका दिवंगत अभ्यासकाच्या घरच्यांनी दीड लाख दिले. सोबतच्या पत्रात लिहिलं आहे: रक्कम कायम ठेवावी, व्याजातून दरवर्षी एक व्याख्यान व्हावं. सरांचं म्हणणं, "हे यंदाच्या उत्पन्नात घे. ३८,००० शिल्लक दिसेल. सभेत लोकांचं मन कशाला मोडायचं? पुढच्या वर्षी शंभर आजीव सभासद करू, सगळं भरून निघेल." कार्यकारिणीत आणखी तीन सूचना आल्या आहेत. उपाध्यक्ष ज्या पतसंस्थेचे संचालक आहेत तिथे ठेवी हलवाव्यात, कारण दीड टक्का जास्त मिळेल. त्रैमासिकात लेख छापायचे लेखकाकडून दोन हजार घ्यावेत. आणि न्यू जर्सीतला एक माजी विद्यार्थी दोन हजार डॉलर पाठवायला तयार आहे, ते घ्यावेत. सभा महिन्यावर आली आहे. बाई विचारतात, "तूट सांगू, की सरांचा मान राखू?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. तुम्ही विचारलेला प्रश्न मनाचा आहे, पण त्याचं निम्मं उत्तर तुमच्याच आकड्यांत पडलेलं आहे. म्हणून आधी आकड्यांशी बोलू, सरांकडे मग जाऊ.

मागच्या वर्षीची १४,००० शिल्लक घ्या. तिच्यातून ते साठ हजार काढा. उरते ४६,००० ची तूट. म्हणजे तूट तुमच्या कारकिर्दीत आलेली नाही, ती आधीपासून होती. तुम्ही फक्त तिला तिच्या जागी लिहिलंत. गेल्या सात-आठ वर्षांचे छापील अहवाल काढा आणि प्रत्येक वर्षाच्या शिल्लकेतून त्या वर्षीची आजीव वर्गणी वजा करा. एका संध्याकाळचं काम आहे. माझा अंदाज असा की बहुतेक वर्षं लाल निघतील. तसं निघालं तर "यंदा काय झालं?" हा प्रश्नच उरत नाही, आणि तुमच्या छातीवरचं निम्मं ओझं उतरतं.

आता 'आजीव' या शब्दाकडे येऊ. आपल्या संस्थांच्या जमाखर्चात इतका प्रेमळ आणि इतका महाग शब्द दुसरा नाही.

त्रैमासिकाला वर्षाला १,९२,००० लागतात आणि अंक ५०० जणांना जातो. माणशी ३८४ रुपये. तुमचा वार्षिक सभासद ६३ जणांच्या हिशेबाने ३०० रुपये देतो, म्हणजे तोही ८४ रुपये घेऊनच जातो. पण आजीव सभासदाचं बघा. ४१२ जणांच्या अंकांचा खर्च होतो १,५८,२०८. त्यांच्या वर्गण्यांचे सहा लाख ठेवीत आहेत, त्यांचं व्याज तुमच्याच सरासरीने (साडेअठरा लाखांवर १,२८,०००) सुमारे ४१,५००. फरक एक लाख सोळा हजारांच्या पुढे. तुमची तूट एक लाख बारा हजार. आकडे इतके जवळ आले की मी पेन्सिल खाली ठेवली.

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी शे-दीडशे रुपये भरून आजीव सभासदत्व घेतलं, त्यांचा यात काहीच दोष नाही. त्यांनी त्या वेळच्या पगारातून ते पैसे काढले आणि मंडळ उभं राहिलं. दोष हिशेबाचा. आजीव वर्गणी हे उत्पन्न दिसतं, पण खरं तर ते देणं आहे: आज एकदाच घेतलेल्या पैशांत पुढची तीस-चाळीस वर्षं अंक पुरवायचं वचन. ते वचन पहिल्याच वर्षी खाऊन टाकलं, की उरलेली वर्षं कोणी तरी दुसरा भरतो.

आता सरांचा उपाय तपासा. शंभर नवे आजीव सभासद, प्रत्येकी तीन हजार. तीन लाख येतील, वर्ष दिवाळीचं जाईल. मग तीन हजारांचं व्याज माणशी २०७ आणि अंक ३८४चा. तुम्ही गणिताच्या बाई, म्हणून लगेच हरकत घ्याल की ३८४ ही सरासरी आहे. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च पन्नास प्रती काढल्या काय नि पाचशे काढल्या काय, तेवढाच. हरकत मान्य. म्हणून छापखान्याकडून लेखी दर घ्या: ५०० प्रतींऐवजी ६०० काढल्या तर किती वाढतील, आणि २५० काढल्या तर किती वाचतील. वाढीव शंभर प्रतींचा चार अंकांचा कागद-छपाई खर्च माणशी काढा, त्यात चार वेळचं टपाल मिळवा. तो आकडा २०७च्या खाली असेल तर आजीव सभासद परवडतो. वर असेल तर प्रत्येक नवा आजीव सभासद म्हणजे पेढे वाटून घेतलेलं कर्ज. हा एकच आकडा कार्यकारिणीपुढे ठेवा, भाषण नको.

टपालाचा भाग हलका समजू नका. छापील पुस्तकांची नोंदणीकृत स्वस्त सेवा टपाल खात्याने डिसेंबर २०२४मध्ये बंद केली, तेव्हा पुस्तकं पाठवणाऱ्या लहान संस्थांची चांगलीच दमछाक झाली.

पण थांबा, सगळं खापर त्रैमासिकावर फोडून चालणार नाही. दुसरी जागा मला जास्त खटकली. साडेबारा लाखांचं व्याज सुमारे ८६,००० येतं. ते कशासाठी आहे? व्याख्यानं, पारितोषिक, जतन. यंदा व्याख्यानांवर २८,००० आणि जतनावर ९,००० गेले, पारितोषिक नाहीच. मिळून ३७,०००. उरलेले एकोणपन्नास हजार गेले कुठे? वीजबिलात आणि त्रैमासिकात. कोणी खिशात घातले नाहीत, हे मी शपथेवर सांगू शकतो. अशा मंडळांत लोक खिशात घालत नाहीत, खिशातून घालतात. पण ज्या घराने वडिलांच्या नावे पारितोषिक ठेवलं, त्यांचे पैसे तीन वर्षं दुसऱ्याच कामाला जात आहेत आणि त्यांना ते कोणी सांगितलेलं नाही. म्हणजे तुमची खरी तूट १,१२,००० नाही. या मोडलेल्या व्याजासकट ती १,६१,००० आहे. हा आकडा वाचून तुम्हाला घाम फुटला असेल तर पाणी प्या आणि पुढे वाचा, कारण इथून बातमी जरा बरी आहे.

तुमच्या पत्रात एक गृहीत सतत डोकावतं, आणि ते सरांच्या बोलण्यातही आहे: तूट म्हणजे अब्रू गेली. किराणा दुकानाला ते लागू आहे. विद्वानांच्या मंडळाला दरवर्षी शिल्लक का पडावी? धर्मादाय संस्थेला करसवलत मिळते तीच मुळी उत्पन्नाचे किमान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करण्याच्या अटीवर. उरलेल्या पंधरा टक्क्यांहून जास्त मागे ठेवायचं तर कारण सांगून, ठरावीक मुदतीपुरतं, रीतसर कळवून ठेवावं लागतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत संशयाची बाब आहे ती न खर्चलेली रक्कम. मंडळाने जास्त खर्च करून चांगला अंक काढला, हा गुन्हा नव्हे. जास्त खर्च कुठून भागवला हे न सांगणं मात्र वाईट. (२०२५चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६पासूनचा आहे, कलमांचे नि फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून इथे क्रमांक देत नाही. ते तुमच्या सीएंना विचारा.)

तेव्हा त्या दीड लाखाचं काय करायचं, हे मी सरळ सांगतो. उत्पन्नात घ्यायचे नाहीत. देणाऱ्याने लेखी सांगितलं आहे की रक्कम कायम ठेवा. ते पत्र फाइलमध्ये आहे. शिवाय देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून संस्था दरवर्षी मे अखेरपर्यंत आयकर खात्याला देणग्यांचं विवरण पाठवते, त्यात देणगी कायम निधीची, विशिष्ट कामाची की इतर, हेही लिहावं लागतं. तुमच्या सीएंनी ते 'कायम निधी' म्हणून पाठवलं असेल आणि सभेतल्या जमाखर्चात तेच पैसे उत्पन्न म्हणून दिसले, तर एकाच रकमेच्या दोन कहाण्या दोन कागदांवर राहतील. इतिहासाच्या मंडळाला याहून वेगळं काय समजावायचं? राजवाड्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, ते बखरींवर विसंबून राहता येत नाही, अस्सल कागद पाहिजे, हे बजावत. अहवाल ही मंडळाची बखर. जमाखर्च हा अस्सल कागद. तुमचे सर आयुष्यभर विद्यार्थ्यांना हेच शिकवत आले असणार.

सर खोटं लिहायला सांगतात, असं तुम्ही पत्रात दोनदा सूचित केलं आहे. मला ते तसं वाटत नाही. त्यांच्या पिढीत अहवालात शिल्लक दिसणं म्हणजे लोकांचा विश्वास शाबूत असल्याची खूण होती. आणि एक गोष्ट तुम्ही त्यांना विचारलीत का: गेल्या वीस वर्षांत सरांनी मंडळासाठी स्वतःचे किती घातले? पाहुण्या वक्त्याचं जेवण, झेरॉक्स, बाहेरगावी दप्तर पाहायला जायचं एसटीचं भाडं, दिवाळीला शिपायाला दिलेले पैसे. यातलं काहीच तुमच्या वह्यांत नसेल. मी एका संस्थेत नऊ वर्षं खजिनदार होतो. आमचे चिटणीस वारले तेव्हा त्यांच्या मुलाने कपाटातून बिलांची एक पिशवी आणून दिली. सगळी आमची, सगळी त्यांनी भरलेली. आम्ही वर्षानुवर्षं "खर्चात काटकसर" असं अहवालात छापत होतो, आणि ती काटकसर त्या माणसाच्या पेन्शनमधून येत होती. त्यांच्यामागे पहिल्याच वर्षी खर्च दीडपट झाला, आणि नव्या चिटणीसांवर उधळपट्टीचा आरोप झाला.

पदरमोड जुनीच आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६८६मध्ये माशांवरचं एक सचित्र पुस्तक छापण्यात गंगाजळी आटवली, आणि पुढच्या वर्षी न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' छापायला पैसे नव्हते. एडमंड हॅलेने ते पदरचे घालून छापलं. सोसायटीने त्याला त्याच्या पगाराऐवजी त्या न खपलेल्या मत्स्यपुस्तकाच्या प्रती दिल्या! तुमच्या कोठीतही अशा प्रती असतील. ताळेबंदात 'पुस्तकसाठा' म्हणून त्यांची किंमत लिहिलेली असेल, तर वीस वर्षं न विकलेलं पुस्तक छापील किमतीला मालमत्ता म्हणून दाखवलं आहे का, हे ऑडिटरला एकदा विचारा.

तर पदरमोडीचं असं करा. यापुढे बिल मंडळाच्या नावे घ्यायचं आणि मंडळाने भरायचं. ज्याला ते सोसायचं आहे त्याने तेवढ्याच रकमेची देणगी चेकने किंवा यूपीआयने द्यायची आणि पावती घ्यायची. खर्चही दिसतो, देणगीही दिसते, शिवाय त्या माणसाचं नाव राहतं. हा नियम तुम्हालाही लागू आहे. तुम्ही खजिनदार झाल्यापासून रिक्षाला आणि वह्यांना किती घातलेत, ते आजच लिहून काढा.

कार्यकारिणीच्या तीन सूचनांपैकी दोन चटकन निकालात निघतात. पतसंस्था नको. सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानेच बांधून दिलं आहे: शेड्यूल्ड बँक, टपाल खातं, शासनमान्य सहकारी बँक, सरकारी रोखे, या जातीच्या जागा. पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. तो पाच लाखांचा विमाही एका बँकेत एका ठेवीदाराला एकूण मिळतो, शाखा बदलून वाढत नाही. साडेअठरा लाख एकाच सहकारी बँकेत असतील तर तेही पाहा. २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा कितीतरी गृहनिर्माण संस्था आणि मंडळं अडकून पडली, आणि पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३पासून परवाना रद्द होईपर्यंत वर्षानुवर्षं ताटकळले. उपाध्यक्षांना मान देऊन सांगा की ठराव त्यांच्याच संस्थेचा असल्याने त्यांनी त्या चर्चेत बसू नये. ते बहुधा स्वतःच मागे घेतील.

न्यू जर्सीच्या विद्यार्थ्याला एकच विचारा: पासपोर्ट कोणता? भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर तो तिथे राहतो म्हणून ती परदेशी देणगी होत नाही. अमेरिकी नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी आहे आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तुम्हाला एक डॉलरही घेता येणार नाही. "माझ्या भावाच्या खात्यावरून पाठवतो" असं म्हणाला तर तेही नाही. प्रेमाने सांगा. हवी तर तो आपल्या गावाच्या इतिहासावरची तुमची पुस्तकं छापील किमतीला विकत घेईल, तेही आधी सीएंना विचारून.

उरलेल्या सूचनेवर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती दिसायला निरुपद्रवी आहे आणि तीच मंडळाला बुडवेल. लेख छापायला लेखकाकडून दोन हजार. प्राध्यापकांना बढतीसाठी छापील शोधनिबंध लागतात आणि ते द्यायला तयार असतात, हे खरं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने चांगल्या नियतकालिकांची 'केअर' यादी केली होती तीच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांना आळा घालायला, आणि २०२५मध्ये ती यादीही आयोगाने मोडीत काढली. म्हणजे आता कोणतं नियतकालिक भरवशाचं, हे सांगणारी आयोगाची यादी नाही. अशा वेळी तुमच्या त्रैमासिकाजवळ असं काय आहे जे दोन हजारांत दुसरीकडे मिळत नाही? "लेख परत" असं म्हणायची हिंमत. ज्याचे पैसे घेतले त्याला लेख परत करता येत नाही. पहिल्या वर्षी चोवीस लेखांचे ४८,००० येतील. दुसऱ्या वर्षी मोडी वाचता न येणारा माणूस मोडी दप्तरावर लिहील आणि तुम्ही तो छापाल, कारण छपाईचं बिल थकलेलं असेल. त्यापेक्षा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना संस्था-वर्गणी लावा, हजार-बाराशे रुपये. लेखकाचा खिसा आणि वाचकाचा खिसा यांत वाचकाचाच धरायचा.

मग पैसे आणायचे कुठून? माझं मत असं: आधी ४१२ नावं जिवंत करा. मला म्हणायचंय ते शब्दशः. आजीव सभासदांच्या यादीत दिवंगत माणसं असतात, अंक घरी जातो, सून रद्दीत घालते. चार जणांत यादी वाटून घ्या आणि प्रत्येकाला फोन करा. तीन गोष्टी विचारा: पत्ता तोच आहे का, छापील अंक हवा की फोनवर पीडीएफ चालेल, आणि "तुमच्या वर्गणीचं आजचं व्याज अंकाच्या खर्चाला पुरत नाही, वर्षाला चारशे रुपये ऐच्छिक द्याल का?" हे शेवटचं विचारताना लाजू नका. हक्क काढून घ्यायचा नाही, मंडळाच्या घटनेत आजीव सभासदाला अंक देण्याचं लिहिलं असेल तर तो एकतर्फी बंद करताही येत नाही. पण विचारायला बंदी नाही. आपल्या लोकांना कोणी विचारत नाही, हीच बरेचदा अडचण असते. ज्यांच्या घरचं माणूस गेलं आहे तिथे जरा थांबून बोला. त्या मंडळींकडे जुने कागद निघतात.

नवी आजीव वर्गणी घ्यायचीच तर ती छापखान्याच्या दरावरून ठरवा, नाहीतर आजीवऐवजी दहा वर्षांचं सभासदत्व ठेवा. वार्षिक वर्गणी ३००ची ५०० करायला सभेचा ठराव लागेल, तो याच सभेत मांडा. सभागृहाचं भाडं शेवटचं कधी वाढवलं तेही पाहा. लग्नाच्या बैठकांना आणि योगवर्गाला एकच दर असेल तर ते औदार्य कोणाच्या पैशाने, हा प्रश्न आहे. ग्रंथपालांच्या मानधनाला मात्र कोणी हात लावायला निघालं तर आडवे या. महिना दहा हजारांत रुमाल सांभाळणारा माणूस तुम्हाला पुन्हा मिळणार नाही.

आता सभेत मांडायचं कसं. धर्मादाय कार्यालयाला जाणारा उत्पन्न-खर्च तक्ता हा नियमांच्या अनुसूची नऊच्या नमुन्यात असतो. त्यात 'उद्दिष्टांवरील खर्च' या मथळ्याखाली धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, दारिद्र्यनिवारण आणि इतर असे रकाने आहेत. तुमचं त्रैमासिक, व्याख्यानं, जतन, सगळं 'शैक्षणिक' या एका ओळीत गडप होतं. सभासद ती ओळ बघतो, वर मान हलवतो आणि चहाकडे जातो. वर्षानुवर्षं कोणाला काही कळलं नाही याचं निम्मं कारण हे. तो तक्ता बदलता येत नाही, बदलूही नका. त्याच्यासोबत एक पान साध्या मराठीत जोडा. त्रैमासिक: आलं किती, गेलं किती. ग्रंथालय: आलं, गेलं. सभागृह: आलं, गेलं. मग प्रत्येक देणगी-निधी नावानिशी: मूळ रक्कम, यंदाचं व्याज, त्यातून झालेलं काम, उरलेलं. पारितोषिकाच्या समोर 'काम: नाही' असं लिहायला हात जड होईल. लिहाच. आणि खाली "गेल्या वर्षांत या निधींचं व्याज सर्वसाधारण खर्चात गेलं, ते परत भरायची योजना अशी" असं दोन ओळींत लिहा. वर्षाला पंधरा हजार म्हटलं तरी चालेल. एकरकमी भरायला कोणी सांगितलेलं नाही.

सीएंना छापायच्या आधी हे पान दाखवा. आणि कार्यकारिणी बदलल्याची माहिती नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायची असते, लोक ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. तुमचं नाव तिथे लागलं आहे ना? तुमची सही चालते पण कागदावर खजिनदार अजून जुनेच आहेत, असं असेल तर आधी ते सरळ करा.

राहिले सर. सभेत त्यांना पहिल्यांदा हे पान दिसता कामा नये. या आठवड्यात त्यांच्या घरी जा, सकाळी, त्यांचा चहा झाल्यावर, एकट्या. आकड्यांनी सुरुवात करू नका. मंडळाच्या सुरुवातीच्या काळातलं सभासद-वर्गणीचं पावतीपुस्तक कपाटात असेल, ते बरोबर न्या. त्यात सरांनी तरुणपणी दारोदार फिरून फाडलेल्या पावत्या असतील. प्रत्येक नावाबरोबर त्यांना काहीतरी आठवेल, तासभर जाईल, जाऊ द्या. मग विचारा, "सर, यांना आपण अंक किती वर्षं द्यायचं ठरवलं होतं?" पुढचं गणित त्यांना तुमच्याआधी दिसेल. त्यानंतर ते पान पुढे करा आणि सांगा की सभेत खजिनदाराचं निवेदन तुम्ही वाचाल, पण जुन्या सभासदांना ऐच्छिक वर्गणीचं आवाहन अध्यक्षांनी करावं. ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून शोभणार नाही.

ते तरीही नाहीच म्हणाले, तर दीड लाख कायम निधीतच ठेवून पान कार्यकारिणीपुढे ठेवा आणि तुमचं मत इतिवृत्तात नोंदवून घ्या. ताळेबंदावर सही तुमचीही असते. पण माझा होरा असा आहे की सर पावतीपुस्तक ठेवून घेतील, आणि संध्याकाळी तुम्हाला फोन येईल की अमुक पानावरचे गृहस्थ अजून आहेत, त्यांचा नंबर लिहून घे.